दोन भाषांचा सांधा

सकाळी ६.१०
भोसरीहून निघतानाच फोन आला. चाकणच्या लाइनवरची आमची गळती-तपासणीची मशीन रात्रपाळीत तीनदा उभी राहिली होती. बंद करून चालू केली की चालते, पुन्हा केव्हातरी थिजते. मोशीची कोंडी वाढायच्या आत इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, म्हणून चहा राहिला.

६.५५
मशीनचं काम साधं आहे. ॲल्युमिनियमच्या ओतीव पार्टमध्ये हवा भरायची, दाब स्थिरावू द्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि ठरलेल्या सेकंदांत दाब किती उतरला ते मोजायचं. पीसीवरचा प्रोग्राम मी सी++ मध्ये लिहिला आहे. मात्र कुठल्या मॉडेलला किती दाब, किती सेकंद, कुठली पायरी आधी, हे सगळं त्याच्या पोटात बसवलेला लुआचा इंटरप्रिटर वाचतो. आधी नवं मॉडेल आलं की भोसरीत कोड बदलायचा, कंपाइल करायचा आणि पेनड्राइव्ह घेऊन चाकण गाठायचं. आता लाइनवर मशीन लावून देणारे सेटर दादा टेक्स्ट फाइल उघडून ओळ बदलतात आणि शेजारी मराठीत कारण लिहून ठेवतात. लुआत यादी १ पासून मोजतात, त्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. फिक्स्चरवरचे पार्टही १ पासूनच मोजले जातात.

ही भाषा १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथॉलिक विद्यापीठात जन्मली. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या इंजिनियरांना प्रोग्रामर नसतानाही आपली माहिती आणि नियम स्वतः लिहिता यावेत, ही त्यामागची गरज होती. चाकणच्या सेटरची गरज तीच आहे. म्हणून मी ती निवडली.

७.००
पहिली पाळी. न गळणारा नमुना (ओके मास्टर) पास, मुद्दाम गळका ठेवलेला (एनजी मास्टर) फेल, म्हणजे मशीन बरोबर मोजते आहे. ७.४० ला थिजली.

८.१५
दोष कुठे आहे ते मला लॉगने नाही, दादांनी दाखवलं. “मॅडम, चूक झाली की लाल निरोप येतो, तो ठीक आहे. तेव्हा नाही थांबत ही. पुढचा पार्ट ठेवला की मरते.”

९.३०
लाल निरोपाचं कारण लगेच सापडलं. रात्री नवं मॉडेल घालताना दाबाच्या मर्यादेच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. लुआत नसलेलं नाव मागितलं तर तक्रार येत नाही, ‘निल’ हाती येतं. ते निल माझ्या सी++ फंक्शनकडे आलं, तिथे आकडा हवा होता, म्हणून लुआने एरर दिली. बाहेर एरर अडवणारं लुआचं पीकॉल होतं, त्याने ती झेलली. इथपर्यंत सगळं चोख.

घोटाळा मधल्या उडीत होता. सी मध्ये कंपाइल केलेली लुआ एररच्या वेळी लाँगजंपने थेट पीकॉलपर्यंत उडी मारते. वाटेतल्या सी++ फंक्शनमधल्या वस्तूंचे डिस्ट्रक्टर, म्हणजे वस्तू संपताना आवराआवर करणारा कोड, मग चालत नाहीत. मी त्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, म्हणजे पीएलसीच्या, पोर्टचं कुलूप घेतलं होतं आणि डिस्ट्रक्टर ते उघडेल यावर विसंबले होते. ते उघडलंच नाही. पुढच्या पार्टच्या वेळी प्रोग्राम त्याच कुलपापाशी ताटकळत राहिला. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर वागल्या होत्या. सांधा मी जोडला होता, आणि गळती तिथेच होती.

ती अशी थिजलेली असताना, पार्टवर हात असताना मशीनचा सिलिंडर खाली आला असता का? नाही. लाइट कर्टन आणि लाल बटण थेट सेफ्टी रिलेवर आहेत, पीसीला विचारतही नाहीत. माणसाच्या हाताची जबाबदारी मी कुठल्याच स्क्रिप्टवर टाकणार नाही.

१२.३०
कँटीन. भात-आमटी.

१.००
लुआच्या त्याच सी फाइली सी++ कंपाइलरने बांधल्या. असं केलं की लुआ लाँगजंपऐवजी एक्सेप्शन फेकते आणि वाटेतले डिस्ट्रक्टर चालतात. हेडरभोवतीचं ‘एक्स्टर्न सी’ काढावं लागलं, त्यात अर्धा तास गेला. शिवाय कुलूप घेण्याआधी सगळे आकडे तपासायचे, असा क्रम लावला; खरं तर तो आधीच असायला हवा होता. नसलेलं नाव मागताच अडवणारं मेटाटेबलही बसवलं. स्क्रिप्ट अडकून फिरत राहू नये म्हणून दर १०,००० सूचनांमागे घड्याळ बघणारा हुक होताच. फाइली उडवू शकणाऱ्या लायब्ररी मी पहिल्यापासून उघडल्या नव्हत्या.

३.४०
दुसरी पाळी आली. दोन्ही मास्टर लावले. मग मुद्दाम तेच अक्षर चुकवलं. लाल निरोप आला, या वेळी चुकलेल्या नावासकट. पुढचा पार्ट ठेवला: हवा भरली, दाब स्थिरावला, हिरवा दिवा लागला. सलग वीस वेळा केलं.

पाळी संपूनही दादा थांबले होते. “चुकलेलं नाव वेगळ्या फाइलीत ठेवू का, मॅडम? रात्रपाळीच्या पोराला दाखवतो.”

मी त्यांना फाइल करून दिली. वर मराठीत नोंद त्यांनीच लिहिली.