एका कारखान्याचे वीस पावसाळे

"ताई, तुम्ही इथे यायला लागून किती वर्षं झाली हो?" यंदाच्या श्रावणात पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून निघताना काकांनी विचारलं. पनवेलच्या एसटीत बसल्यावर मी बोटांवर हिशेब केला. २००५ चा ज्येष्ठ ते २०२५ चा श्रावण. मधलं २०२० वगळलं तर बरोबर वीस पावसाळे. एवढ्या काळात माझ्याकडे तीन डिजिटल कॅमेरे आले, त्यांतले दोन गेले. लेन्स किती घेतल्या आणि विकल्या ते वेगळंच. जागा मात्र तीच राहिली. पत्र्याची शेड, चार ट्यूबलाइट, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती आणि खिडकीपाशी बसून डोळ्यांची आखणी करणारे काका. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याचा एक फायदा झाला. कॅमेऱ्यात काय बदललं आणि माझ्यात काय बदललं, हे मला वेगवेगळं करून पाहता येतं. तो हिशेब इथे मांडते आहे.

फोटो काढायला मी शिकले फिल्मवर. निकॉनचा एफएम१०, सगळं हाताने करायचा कॅमेरा. छत्तीस फोटोंचा रोल विकत घेऊन, धुऊन, प्रिंट हातात येईपर्यंत तीनशेच्या घरात खर्च यायचा आणि बँकेत नव्याने लागलेल्या कारकुनाला तो जाणवायचा. म्हणून प्रत्येक फोटोचं अॅपर्चर आणि शटर मी वहीत टिपून ठेवायची. पण प्रिंट यायला आठवडा जायचा. तोवर तो उजेड डोळ्यांपुढून गेलेला असायचा आणि वहीतले आकडे नुसतेच उरायचे.

डिजिटल कॅमेरा तेव्हाही नवा नव्हता. कोडॅकमधले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच १०० बाय १०० बिंदूंचा, म्हणजे अवघ्या दहा हजार पिक्सेलचा फोटो कॅसेटवर उतरवला होता. एक फोटो नोंदायला २३ सेकंद लागत. लेन्स बदलता येणारा डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात यायला मात्र २००३ चा कॅनन ३००डी आणि २००४ चा निकॉन डी७० यावा लागला. मी डी७० घेतला, २००५ मध्ये, हप्त्यांवर. ६.१ मेगापिक्सेल, मागे १.८ इंचांचा पडदा. त्याच वर्षी ज्येष्ठातल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची बँक सुटल्यावर, मी पहिल्यांदा या कारखान्यात गेले.

पहिल्याच फोटोत पांढऱ्याशुभ्र मूर्ती राखाडी आल्या. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड मोजतो. त्याच्यासमोर पन्नास पांढरे गणपती ठेवले तर त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. पडद्यावरचा हिस्टोग्राम पाहिला, एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवलं, पुन्हा पाहिलं. मूर्ती पांढऱ्या झाल्या. चूक आणि तिचं उत्तर यांच्यात फिल्मच्या काळी आठवडा जायचा, तो आता दहा सेकंदांवर आला होता. डिजिटलने मला दिलेली सगळ्यांत मोठी देणगी ही, आणि पुढच्या कुठल्याही कॅमेऱ्याने याच्या तोडीचं काही दिलं नाही.

त्या शेडने मला बाकीचंही शिकवलं. खिडकीतून येणारा पावसाळी उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट, रंगकाम चालतं तिथल्या बल्बचा पिवळा. एकाच मूर्तीच्या एका गालावर एक रंग आणि दुसऱ्यावर दुसरा. रंग नंतर सुधारता येणाऱ्या रॉ फाइलकडे मी वळले ती यामुळे. मग लक्षात आलं, की शटर १/२५० वर ठेवलं तर लागोपाठच्या दोन फोटोंत उजेड आणि रंग सारखे येत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. १/१०० किंवा १/५० वर फोटो काढला की ती उघडझाप पूर्ण पकडली जाते आणि रंग स्थिर राहतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. एका जागी वारंवार गेल्यानेच ते सापडलं.

उजेड मात्र कमीच पडायचा. डी७० चा आयएसओ १६०० वर संपायचा आणि तिथवर नेला की सावल्यांमध्ये रांगोळी सांडल्यासारखे दाणे दिसायचे. सोबत आलेली झूम लेन्स पूर्ण ताणली की एफ/४.५ वर थांबायची. मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन मी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स घेतली. निकॉनच्या लेन्सांत जवळजवळ सर्वांत स्वस्त, पण एफ/४.५ च्या सहापट उजेड आत घेणारी. माझ्या सगळ्या खरेदीत सर्वाधिक वसूल झालेली वस्तू तीच. नव्याने शिकणारा कुणी सल्ला विचारतो तेव्हा मी आजही हेच सांगते: कॅमेरा जुना चालेल, एक उजेडी लेन्स घे.

२००९ मध्ये माझ्याकडे डी९० आला. १२.३ मेगापिक्सेल, आयएसओ ३२००, शिवाय व्हिडिओ. व्हिडिओ घेणारा तो पहिला डीएसएलआर. कॅमेरा उत्तम होता. माझ्या सवयी मात्र याच काळात बिघडल्या. ७०-३०० आली, वाइड अँगल आली, फ्लॅश आला, ट्रायपॉड आला. बॅग खांद्यावर घेतली की संध्याकाळी पाठ धरायची. रात्री जेवण झाल्यावर मी फोटो पाहायचे सोडून दोन लेन्सच्या चाचण्यांचे तक्ते पाहत बसायची. पूर्वी एका दुपारी छत्तीस फोटो काढणारी मी आता सहाशे काढू लागले होते, आणि त्यातले पाचशे मी पुन्हा कधीही उघडून पाहिले नाहीत.

मेगापिक्सेलचा साधा हिशेब तेव्हा कुणी समोर बसवून सांगायला हवा होता. १२ बाय ८ इंचांच्या प्रिंटला इंचाला २५० बिंदू दिले तर ३००० बाय २००० बिंदू लागतात. म्हणजे साठ लाख, म्हणजे सहा मेगापिक्सेल. जुना डी७० तेवढे देतच होता. आणि माझ्या घरात १२ बाय ८ पेक्षा मोठा प्रिंट तोवर एकही नव्हता.

फ्लॅशचा प्रसंग अजून मनात आहे. काका एका मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा आखत होते. आधी भुवई, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. पापणीची रेघ ओढताना ते श्वास धरतात. रेघ संपली की सोडतात. मी फ्लॅश छताकडे वळवून फोटो घेतला. शेडभर पांढरा उजेड लखलखला आणि कुंचला मूर्तीपासून बोटभर अंतरावर थबकला. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, उजेड हलला की हात हलतो." मी त्याच महिन्यात फ्लॅश विकला. त्यानंतर डी९० चा आरसा उचलल्याचा खटका मलाच मोठा वाटू लागला आणि रेघ चालू असताना मी बटण दाबणं बंद केलं.

२०११ च्या सुरुवातीला माझी हार्ड डिस्क बंद पडली. दुसरी प्रत नव्हती. २००८, २००९ आणि २०१० असे तीन पावसाळे, हजारो फोटो, सगळे गेले. दुरुस्तीला दिली, महिनाभर वाट पाहिली, काही निघालं नाही. त्या वर्षी मी कॅमेरा न घेताच पेणला गेले. आणि कारखान्याच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, माझेच फोटो दिसले.

पहिल्या वर्षापासून मी एक रिवाज पाळला होता. दर पावसाळ्यात जाताना आदल्या वर्षीचे काही प्रिंट घेऊन जायचं आणि ज्यांचे आहेत त्यांना द्यायचं. काकांनी ते भिंतीला चिकटवले होते. त्यांच्यावर प्लॅस्टरची धूळ बसली होती, दोन प्रिंटांचे कोपरे ओलीने उचलले होते. काकांच्या मुलाने ते अलगद सोडवून दिले, मी मऊ कपड्याने पुसले आणि पुढच्या शनिवारी कॅमेरा नेऊन पडवीतल्या सावलीत एकेकाचा फोटो घेतला. चौदा फोटो परत मिळाले. तीन वर्षांतून उरलेले एवढेच.

त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असतात: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, बहिणीकडे. पण त्याहून मोठा बदल निवडीत झाला. अनंत चतुर्दशी झाली की त्याच आठवड्यात बसायचं, वर्षाचे बारा फोटो निवडायचे आणि छापायचे. बारा निवडायचे आहेत हे ठाऊक असलं की सहाशे काढले जात नाहीत. हात आपोआप थांबतो.

२०१८ मध्ये मी डीएसएलआर आणि बहुतेक लेन्स विकून फुजीचा एक्स१००एफ वापरलेला घेतला. एकच लेन्स, तीही कॅमेऱ्यालाच जोडलेली, २३ मिलिमीटर एफ/२. झूम नाही, त्यामुळे जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं. लेन्स काढायची नाही, त्यामुळे प्लॅस्टरच्या धुळीत सेन्सर उघडा पडत नाही. शटर लेन्सच्या आतच असल्याने आवाज अगदी बारीक, घड्याळाच्या काट्याएवढा. पहिल्या दिवशी काकांनी मान वर करून विचारलं, "काढला का?" तो फोटो माझ्या सर्व वर्षांतला मला सर्वाधिक आवडणारा. कुंचला अजून मूर्तीला टेकलेला नाही, काकांनी श्वास धरला आहे, आणि आखायच्या राहिलेल्या डोळ्याच्या जागी पांढरा उंचवटा आहे. आयएसओ ३२००. दाणे दिसतात, पण ते आजवर कुणाला खटकलेले नाहीत.

मग २०२० आलं. करोनामुळे सरकारने घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत आणि सार्वजनिक चार फुटांपर्यंत ठरवून दिली होती. मला जाता आलं नाही. आषाढात एका रात्री काकांच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. एरवी सहा-सात फुटी मूर्ती जिथे उभ्या असायच्या ती मधली जागा रिकामी, कडेला लहान मूर्तींच्या रांगा, आणि मास्क लावून बसलेले काका. साध्या फोनवर काढलेला. त्या वर्षाचा माझ्या संग्रहातला तो एकमेव फोटो आणि त्या जागेचं त्याच्याइतकं खरं चित्र मला कधी जमलेलं नाही. कारण काकांचा मुलगा तिथे होता, मी नव्हते. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२० मध्ये ९० लाखही गेले नाहीत. ती दरी फोनने पाडली. मला त्याचं दुःख नाही. हातात असलेला कॅमेरा घरी ठेवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला, हे मला त्या एका फोटोने पटवलं.

नव्यांसाठी कोकणच्या हवेतला एक धडाही सांगते. माझ्या ७०-३०० लेन्सला एका पावसाळ्यात आतून बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चामड्याच्या पाकिटात बंद करून ठेवली होती, तेच चुकलं. तेव्हापासून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल; दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे किंवा तापवून घ्यायचे. आणि कॅमेरा वापरत राहायचा.

वीस पावसाळ्यांचा हिशेब असा निघतो. कॅमेरे अंधारात पाहायला शिकले, हे खरं आणि मोठं काम झालं. आज आयएसओ ६४०० वर मी निर्धास्त फोटो काढते. डी७० च्या दिवसांत ते शक्यच नव्हतं. पण थांबणं, निवडणं, छापणं आणि परत जाणं हे कुठल्याही खोक्यातून आलं नाही. ते मला एका माणसाच्या श्वासाकडे लक्ष देताना आणि एका भिंतीवरचे चौदा प्रिंट पुसताना मिळालं.

म्हणून फोटोची हौस असणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. पुढची लेन्स घ्यायच्या आधी गेल्या वर्षीचे फोटो उघडा. दहा निवडा. चांगल्या कागदावर छापून घ्या आणि ज्यांचे ते आहेत त्यांच्या हातात नेऊन द्या. फोनवर पाठवू नका, हातात द्या. माझे या वर्षीचे बारा छापून तयार आहेत. पुढच्या ज्येष्ठात ते पेणला जातील.