चुनखडी, चुना आणि खडी : रायपूर परिसरातील एका दगडाचे उपयोग

रायपूरच्या आसपासच्या विस्तीर्ण भूभागाखाली सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेले चुनखडीचे थर आहेत. या दगडाचा आणि त्यापासून होणाऱ्या पदार्थांचा निर्देश करणारे शब्द अनुवादात सहज एकमेकांत मिसळतात. ही सरमिसळ केवळ परिभाषेपुरती राहत नाही. तिचे परिणाम शेतापर्यंत पोहोचतात.

चुनखडी म्हणजे प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर १०० भाग शुद्ध चुनखडीतून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच उष्णता बाहेर पडते व विरलेला चुना तयार होतो. नुसती दळलेली चुनखडी या दोहोंपेक्षा कितीतरी सौम्य असते. शेतीविषयक इंग्रजी लेखनात मात्र ‘लाइम’ हा एकच शब्द तिन्हींसाठी येतो. त्याचे भाषांतर सरसकट ‘चुना’ असे केल्यास शेतकरी कळीचा चुना हाताळू लागण्याचा संभव असतो. तो त्वचेला, डोळ्यांना आणि कोवळ्या रोपांना दाहक ठरतो.

दगडाचा उपयोग त्याच्या शुद्धतेवर व चुऱ्याच्या आकारावर ठरतो. मध्यम कठीण असल्याने चुनखडी सहज फोडता येते. जाड तुकडे रस्त्यासाठी व काँक्रीटसाठी खडी म्हणून वापरले जातात. पोलादनिर्मितीत चुनखडी खनिजातील सिलिकेशी संयोग पावून मळी बनवते. भिलाईच्या कारखान्याला दीर्घकाळ दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी खाणीची चुनखडी मिळत आली. हीच मळी पुढे सिमेंटमध्ये मिसळता येते. बारीक दळलेली चुनखडी चिकणमातीसारख्या द्रव्यांसह सुमारे १४५० अंशांना भाजली की क्लिंकर तयार होते. २०१२ मध्ये रायपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या बलौदाबाजार परिसरातील सिमेंट कारखाने याच थरांवर उभे आहेत.

शेतीत चुनखडीची भुकटी जमिनीची आम्लता कमी करते व पिकांच्या मुळांना अपायकारक ठरणाऱ्या विद्राव्य ॲल्युमिनियमला आळा घालते. भुकटी जितकी बारीक, तितकी क्रिया जलद. जाड कण वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. म्हणून ती पेरणीपूर्वी काही आठवडे मातीत मिसळणे इष्ट असते. तथापि प्रत्येक जमिनीला तिची गरज नसते. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा व कन्हार असे प्रकार मानतात. लालसर, मुरमाड भाठा जमिनीचा कल आम्लतेकडे असल्याने तेथे, विशेषतः कडधान्यांना, माती परीक्षणानंतर भुकटीचा लाभ होऊ शकतो. काळ्या कन्हारला सहसा तिची आवश्यकता नसते. पाणी साचलेल्या भातखाचरात आम्लता आपोआप कमी होते, त्यामुळे तेथेही गरज मर्यादित असते.

‘कन्हार’ हे काळ्या जमिनीचे नाव भंडारा-गोंदियाच्या मराठीतही रूढ आहे. शब्द येथे प्रांताची सीमा सहज ओलांडतो. ‘चुनखडीयुक्त’ या विशेषणाचे मूल्य मात्र सीमेबरोबर बदलते. महाराष्ट्रातील संत्री-मोसंबीच्या बागायतदारास चुनखडीयुक्त जमीन हा दोष वाटतो, कारण तीत झाडांना लोह पुरेसे मिळत नाही व पाने पिवळी पडतात. भाठा जमिनीला तीच चुनखडी उपाय ठरते. म्हणून अनुवादकाने ‘चुना’ लिहिण्यापूर्वी दगड कच्चा आहे की भाजलेला, आणि तो कोणत्या मातीत पडणार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.