लूपमधील नावे : फाइलचे नाव आणि चलाचे नाव

लूपच्या, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या, प्रत्येक फेरीत निघणारे उत्तर ज्या नावाखाली साठवले जाते ते नाव फेरीगणिक बदलले नाही, तर पुढची फेरी मागच्या फेरीचे उत्तर पुसते आणि हाती केवळ अखेरचे उत्तर उरते. म्हणून लूपला जोडूनच नाव घडवण्याचा विचार करावा लागतो.

‘आर’ भाषेसोबत मिळणाऱ्या ‘एअरक्वालिटी’ या सारणीत न्यूयॉर्कच्या हवेच्या, मे ते सप्टेंबर १९७३ या १५३ दिवसांच्या नोंदी आहेत. त्या महिन्यानुसार पाच फाइलींत विभागायच्या, तर नावाचा स्थिर भाग आणि महिन्याचा क्रमांक यांची दर फेरीत जुळणी करावी लागते. ‘पेस्ट’ हे फंक्शन ही जुळणी करते, परंतु तुकड्यांमध्ये आपणहून मोकळी जागा सोडत असल्याने ‘हवा_ ५ .सीएसव्ही’ असे विस्कटलेले नाव तयार होते. ‘पेस्ट-झिरो’ ती जागा सोडत नाही. त्याहून ‘एस-प्रिंट-एफ’ उपयोगी, कारण त्यात अंकाची रुंदी दोन ठरवून दिली की ५ चे ०५ होते. फाइलींची यादी देताना ‘आर’ नावे एकेक चिन्ह ताडून क्रमाने लावते, त्यामुळे नोंदी वर्षभराच्या असत्या तर शून्याविना ऑक्टोबरचा १० हा मेच्या ५ पूर्वी जाऊन बसला असता आणि त्या क्रमाने फाइली वाचून काढलेल्या आलेखात महिने मागेपुढे झाले असते.

चलाचे, म्हणजे प्रोग्रामच्या आत मूल्य धारण करणाऱ्या व्हेरिएबलचे, नावही ‘असाइन’ या फंक्शनने असेच घडवता येते. नवशिक्यांना हा मार्ग फार आवडतो, पण तो बहुधा टाळावा. अशी पाच चले पुन्हा वापरायची तर प्रत्येक नाव नव्याने जुळवून ‘गेट’ने मूल्य मागवावे लागते, शिवाय ती नावे प्रोग्रामच्या मजकुरात शोधूनही सापडत नाहीत. त्याऐवजी लिस्ट, म्हणजे अनेक वस्तू नावानिशी एकत्र ठेवणारी रचना, वापरावी. मात्र रिकाम्या लिस्टला ५ हा क्रमांक संख्या म्हणून दिला तर मे महिना पाचव्या कप्प्यात पडून आधीचे चार रिकामे राहतात, यास्तव तो मजकुराच्या रूपात द्यावा. ‘स्प्लिट’ हे फंक्शन तर लूपविनाच पाच महिन्यांची नावानिशी लिस्ट हाती देते.

‘स्टाटा’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये गोष्ट वेगळी आहे. तेथे सारणीत नवे स्तंभ निर्माण करणे हेच नित्याचे काम असल्याने नाव घडवणे अपरिहार्य ठरते आणि ते लोकल मॅक्रो करतो. आज्ञा चालण्यापूर्वी मॅक्रोच्या जागी त्यातील मजकूर बसवला जातो. मॅक्रोचे नाव चुकीचे टंकले गेले, तर स्टाटा तक्रार न करता तेथे काहीच बसवत नाही, त्यामुळे ‘ओझोन_५’ऐवजी नुसते ‘ओझोन_’ तयार होते. ‘जनरेट’ ही आज्ञा दुसऱ्या फेरीत ते नाव आधीच असल्याचे सांगून थांबते, पण फाइल साठवताना ‘रिप्लेस’ हा पर्याय जोडलेला असेल, तर तीच चूक पाचही फेऱ्या बिनबोभाट पार करते.