जोप्पो म्हणजे पाणी

1524 साली मार्टिन ल्यूथरने जर्मन नगरपालांना कळकळीने लिहिले : मुलामुलींसाठी शाळा काढा. बायबलही त्याने लोकांच्या बोलीत आणले. शिक्षण मुलाच्या भाषेतून कसे न्यायचे, हा पेच आज बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातील शिक्षकांपुढेही आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यातल्या काही गावांत निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळात ती बसत नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. मराठी पुस्तकातल्या ‘पाण्या’ला निहाली मूल ‘जोप्पो’ म्हणते, शेजारचे कोरकू मूल ‘डा’. पहिलीच्या गुरुजींना एकाच वर्गात तिन्ही शब्द सांभाळावे लागतात. शिवाय निहालीला स्वतःची लिपी नाही. मराठी प्रश्नावर गप्प बसलेले मूल मग ‘कच्चे’ ठरते. खरे तर त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतो. पण गुरुजींना ती भाषा कोण शिकवणार? गावातल्या जाणत्या आजीला वर्गात बोलवा, तिचे शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा. सुरुवात एवढ्यानेही होते.