न दिसणारी उघडझाप

वाचकहो, रात्री जेवणे उरकली, घरातला दिवा मालवला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईल उघडला, की आपण पहिले काम काय करतो? पडद्याचा उजेड अगदी कमी करतो. डोळ्यांना त्रास नको, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण पुष्कळ मोबाईलांत आणि संगणकांत नेमकी याच वेळी एक न दिसणारी उघडझाप वाढीस लागते.

एल.ई.डी. दिव्याचा उजेड कमी करण्याच्या दोन रीती आहेत. पाटाच्या पाण्यावरून त्या चटकन ध्यानात येतील. शेताला निम्मेच पाणी द्यायचे आहे, तर पाटाचे दार निम्मे उघडून ठेवा. किंवा दार पुरते उघडा, लगेच पुरते बंद करा, पुन्हा उघडा, असे सारखे करीत रहा. तासाभरात पाणी तेवढेच जाईल. तसेच दिव्याचे. वीज कमी द्यावी, ही एक रीत. वीज पुरती द्यावी पण तोडून तोडून द्यावी, ही दुसरी. दुसरीत रंग बिघडत नाहीत आणि मंद उजेडही नीट साधतो, म्हणून कारखानदारांना ती सोयीची. अशा पडद्यामागचा दिवा सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा, काही पडद्यांत हजारो वेळा, पेटतो आणि विझतो. उजेड जितका कमी कराल तितका पेटण्याचा काळ आखूड आणि अंधाराचा लांब. ज्या पडद्यांना मागे दिवाच नसतो, ठिपकेच स्वतः उजळतात, त्यांतही बहुधा हीच तऱ्हा असते.

मग ती दिसत का नाही? सेकंदाला ५० ते ९० च्या पुढे गेलेली उघडझाप माणसाच्या स्थिर डोळ्याला सलग उजेडच वाटते. पण डोळा किंवा वस्तू हलली, की बिंग फुटते. आपली वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. तिच्या उजेडात कडबाकुट्टीचे चाक कधी थांबल्यासारखे, कधी उलटे फिरल्यासारखे दिसते. (थांबले समजून हात घालू नका हं!) वाचताना डोळाही असाच ओळीवरून उड्या मारीत जातो.

आता मुद्द्याचा प्रश्न : जे दिसत नाही, ते बाधेल कसे? १९८९ साली ब्रिटनमध्ये याची एक चांगली परीक्षा प्रसिद्ध झाली. कचेरीतल्या लोकांना न सांगता कधी चोकच्या, कधी फार वेगाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूबलाइटखाली काम करू दिले. दुसऱ्या प्रकारात डोकेदुखी आणि डोळ्यांचा शीण यांचे प्रमाण सरासरीने निम्म्याहूनही खाली आले. वरच्या मजल्यांवर, जिथे दिवसाचा उजेड अधिक, तिथे डोकेदुखी मुळातच कमी होती. ही परीक्षा दिव्यांची, पडद्यांची नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पुढे २०१५ मध्ये आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने एल.ई.डी. दिव्यांसाठी सूचना केली, की पुरती पेटझाप सेकंदाला १,२५० च्या वर असेल तर धोका थोडा, ३,००० च्या वर असेल तर चिंता नको.

यावरून ‘मोबाईलने डोळे जातात’ असे मात्र कोणी म्हणू नये. या उघडझापीने दृष्टी अधू होते, असा पुरावा नाही. फेफऱ्याची भीती असते ती सावकाश, सेकंदाला सुमारे ३ ते ३० वेळा होणाऱ्या झगमगाटाची. जपानात १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरच्या एका चित्रपटिकेने शेकडो मुले इस्पितळात गेली, ती तशा झगमगाटाने. पडद्यामागच्या दिव्याची गोष्ट निराळी. ती बहुतेकांना जाणवतही नाही, काहींना मात्र कपाळ ठणकेपर्यंत छळते, विशेषतः अर्धशिशी असणाऱ्यांना.

म्हणून गुरुजी, एखादी मुलगी ‘पडद्याकडे बघितलं की डोकं दुखतं’ म्हणाली, तर ‘अभ्यास नको म्हणून सोंग करते’ असे म्हणू नका. आधी तिचे डोळे तपासून घ्या. चष्म्याची गरज, फार जवळून पाहणे आणि पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे पडणे, ही कारणे कितीतरी अधिक वेळा सापडतात. त्यातून काही निघाले नाही, तर पडद्याची परीक्षा करा.

खोलीत अंधार करा. पडद्यावर पांढरे पान आणा, उजेड अगदी कमी ठेवा आणि पडद्यासमोर पेन्सिल भरभर हलवा. पंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर उघडझाप आहे. नुसता धूसर पट्टा दिसला, तर नाही, किंवा ती फार वेगवान आहे. मग उजेड वाढवून पुन्हा पहा. पुष्कळदा पेन्सिली एकमेकींत मिसळून जातात. असे झाले तर पडदा मंद करण्याऐवजी थोडा उजळ ठेवा आणि खोलीतही दिवा लावा, म्हणजे तो डोळ्यांत खुपणार नाही. काही मोबाईलांत ‘डी.सी. डिमिंग’ नावाची सोय असते. ती चालू केली, की पाटाचे दार निम्मे उघडण्याची पहिली रीत सुरू होते.

वर्गात चोकची ट्यूबलाइट असेल, तर तिच्याखालीही ही पेन्सिल हलवून पहा. एकदा आतल्या बाकावर, एकदा खिडकीशी. खिडकीशी पेन्सिली पुसट झालेल्या मुलांनाच दिसतील, आणि कारण तीच तुम्हाला विचारतील.