कुटुंबाचा इतिहास नोंदवायचाय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात आजीची दोन्ही नावं लिहून पाहा

मागच्या दिवाळीत मी आमची वंशावळ एका ॲपमध्ये भरायला बसले. आजोबांच्या वहीत सात पिढ्या लिहिलेल्या होत्या, त्यामुळे काम तासाभराचं वाटलं. आजीच्या नोंदीपाशी ॲपने नाव आणि आडनाव विचारलं. मी आजीकडे पाहिलं. ती म्हणाली, "कुठलं लिहितेस? माहेरचं की सासरचं?"

लग्नात तिचं आडनावच नाही, तर नावही बदललं होतं. ॲपमध्ये जागा मात्र एकाच नावाची होती. आजोबांच्या वहीत तर सातही पिढ्यांत एकाही बाईचं नाव नव्हतं.

वंशावळ हा आता फक्त हौसेचा विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावी जुनी दप्तरं उघडली गेली. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. अशा वेळी पणजोबांचे वडील कोण, आत्या किती होत्या, हे प्रश्न खरेच समोर येतात.

मग सॉफ्टवेअर निवडताना काय पाहायचं? मुख्य प्रश्न दोनच. आपलं कुटुंब जसं आहे तसं त्यात मावतं का? आणि भरलेली माहिती उद्या बाहेर काढता येते का?

वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहिलं तर काय बिघडतं?

कागदावरची वंशावळ वरून खाली वाढते: वडील, मुलगा, नातू. खरं कुटुंब मात्र जाळ्यासारखं असतं. मामाच्या मुलीशी लग्न झालं, तर मामाच सासरे होतात. कागदावर त्यांना दोन ठिकाणी लिहावं लागतं आणि एका ठिकाणची चूक सुधारली तरी दुसरीकडे ती तशीच राहते.

चांगलं सॉफ्टवेअर प्रत्येक माणसाची नोंद एकदाच ठेवतं आणि नाती त्या नोंदीला जोडतं. त्यामुळे दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मदाते आणि दत्तक घेणारे, दोघंही दाखवता येतात. एका व्यक्तीला एकाहून जास्त नावं देता येतात: जन्माचं, लग्नानंतरचं, घरात हाक मारायचं.

'जेडकॉम' म्हणजे काय?

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीचा हा सामाईक साचा आहे. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने तो १९८४ मध्ये आणला. जेडकॉमची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, ती नोटपॅडमध्येही उघडते.

याची गरज का पडते? कारण सॉफ्टवेअर बंद पडतात. याच चर्चचं 'पर्सनल अँसेस्ट्रल फाइल' हे मोफत सॉफ्टवेअर २०१३ मध्ये बंद झालं. 'फॅमिली ट्री मेकर'ची विक्री थांबवत असल्याचं 'अँसेस्ट्री' कंपनीने २०१५ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं. पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं म्हणून ते वाचलं. ज्यांच्याकडे जेडकॉमची फाइल होती, त्यांची वर्षांची मेहनत तरी सुरक्षित होती.

अजूनही बरीच सॉफ्टवेअर ५.५.१ ही जुनी आवृत्ती वापरतात. तिच्यात फोटो जात नाहीत, फोटो कुठे ठेवलाय एवढाच पत्ता जातो. २०२१ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट गठ्ठा बांधायची सोय आहे.

पर्याय कोणते?

खरा फरक माहिती कुठे राहते हा आहे.

- स्वतःच्या कॉम्प्युटरवर: 'ग्रॅम्प्स' मोफत आणि मुक्त स्रोत आहे. शिकायला थोडा वेळ लागतो, पण माहिती तुमच्याकडेच राहते.
- स्वतःच्या सर्व्हरवर: 'वेबट्रीज'मध्ये पुण्यातली मावशी आणि अमेरिकेतला चुलतभाऊ एकाच वंशावळीत भर घालू शकतात. मात्र घरात कुणीतरी तांत्रिक बाजू सांभाळणारं हवं.
- कंपनीच्या वेबसाइटवर: 'मायहेरिटेज' आणि 'अँसेस्ट्री' वापरायला सोपे आहेत, पण बऱ्याच सुविधांना पैसे पडतात.
- सगळ्यांची एकच वंशावळ: 'फॅमिलीसर्च' मोफत आहे. मात्र तिथे तुमच्या दिवंगत पणजोबांची नोंद दुसरं कुणीही बदलू शकतं.

तारीखच माहीत नसेल तर?

अनेक घरांत शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच जन्मतारीख असते. आजीला तिथी आठवते किंवा ती सांगते, "पानशेतच्या पुरानंतरच्या दिवाळीत." जेडकॉममध्ये शक किंवा तिथी लिहायची सोय नाही, पण 'सुमारे', 'आधी', 'दरम्यान' अशा तारखा चालतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६१ च्या दरम्यान असं लिहा आणि आजीचं वाक्य जसंच्या तसं टिपणात ठेवा. अंदाजाने पक्की तारीख टाकू नका. पुढची पिढी ती खरी मानेल.

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली हेही लिहा: शाळेचा दाखला, सातबारा, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही की आत्याची आठवण. सॉफ्टवेअरने छापलेली वंशावळ हा स्वतः पुरावा नसतो, पण पुरावा कुठे शोधायचा हे ती सांगते.

जिवंत माणसांची माहिती टाकावी का?

टाका, पण जाहीर करू नका. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख आजही ओळख पटवण्यासाठी विचारली जाते. २०१८ मध्ये मायहेरिटेजच्या ९ कोटी २० लाखांहून जास्त वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचं उघड झालं. वंशावळी वेगळ्या ठिकाणी असल्याने त्यांना धक्का लागला नसल्याचं कंपनीने तेव्हा सांगितलं. तरी जिवंत व्यक्तींची नोंद लपवायची सोय आहे का, हे आधी तपासा.

निवड पक्की करण्याआधी

शंभर नावं भरण्याआधी पाचच माणसं भरून पाहा. त्यात दोन नावांची आजी, एखादं दत्तक मूल, अंदाजे तारीख, एक फोटो आणि देवनागरीत लिहिलेलं टिपण असू द्या. मग जेडकॉम फाइल काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली किंवा आजीचं एक नाव गळालं, तर ते सॉफ्टवेअर सोडा.

मी तेच केलं आणि दुसऱ्या प्रयत्नात आजीची दोन्ही नावं टिकली. त्यानंतर तिनेच तिच्या आईचं, आजीचं आणि तीन आत्यांचं नाव सांगितलं. ही नावं कुठल्याच वहीत नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर ठरेपर्यंत थांबू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा.