तीन दांड्या, दोन धागे

स्क्रीनवर 44 मण्यांची माळ वळवळते आहे. बारा-बारा मण्यांचे तीन तुकडे लाल, काठीसारखे ताठ. त्यांना जोडणारे चार-चार मण्यांचे दोन तुकडे राखाडी, ओल्या सुतळीसारखे सैल. ताठ आणि सैल तुकडे आलटून-पालटून गुंफलेल्या अशा साखळीला रॉड-कॉइल कोपॉलिमर म्हणतात. मी मनातल्या मनात तिला प्रोटीनच म्हणते.

तसं म्हणायला आधार आहे. स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन 153 अमिनो आम्लांचं. जॉन केंड्रू यांनी 1958 मध्ये त्याचा आकार पहिल्यांदा पाहिला. पुढे तपशील उलगडला तेव्हा त्यात आठ हेलिक्स आणि त्यांना जोडणारी वळणं आहेत हे स्पष्ट झालं. हेलिक्स म्हणजे मळसूत्री वेटोळं: दर वेढ्याला 3.6 अमिनो आम्लं, 5.4 अँगस्ट्रॉम उंची. हायड्रोजन बंधांनी ते आतून असं आवळलेलं असतं की सहजी वाकत नाही. म्हणून माझ्याकडे त्याची झाली लाल दांडी.

बाकीचं मी काढून टाकलं. वीस प्रकारची अमिनो आम्लं, पाण्याचे रेणू, विद्युतभार, काहीच ठेवलं नाही. टाकताना हात जड होतो. पण सगळं ठेवलं तर प्रोटीनच्या साखळीची घडी पडलेली दिसते, ती कशामुळे पडली ते कळत नाही. मी एक नियम ठेवला: दोन मणी एका जागी बसू शकत नाहीत. हा नियम किती दूर नेतो, ते मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्येच दाखवलं होतं. अणू एकमेकांवर आदळू नयेत, एवढ्या अटीवर साखळीचे बहुतेक कोन बाद होतात.

दुसरा नियम ओढीचा: लाल मण्याला लाल मणी जवळ हवा. मग संगणक एखादा मणी किंचित हलवतो. ऊर्जा उतरली तर हालचाल मान्य. चढली तर शून्य ते एकमधला एक आकडा काढून पाहायचा आणि तापमानाला परवडत असेल तरच मान्य करायची. मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांची 1953 ची ही रीत. कोट्यवधी वेळा हेच.

पहिला रन मी घाईने थंड केला. सकाळी पाहिलं तर दोन दांड्या फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या चिकटलेल्या आणि तिसरी बाहेर लोंबत होती. फुलीत दोन दांड्या एकाच जागी भेटतात. शेजारी-शेजारी निजल्या तर टोकापासून टोकापर्यंत भेटतात. फायदा उघड आहे, पण तिथे जायला आधी फुली सुटावी लागते आणि थंडीत ती सुटत नाही. मग तापमान अगदी हळूहळू उतरवलं. तेव्हा मोळी बांधल्यासारख्या तिन्ही दांड्या एकत्र आल्या, मधली उलट्या तोंडाची. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

ताठपणा काढून तोच रन पुन्हा लावला. लाल मण्यांचा गोळा झाला, दरवेळी वेगळा. म्हणजे मोळीचा आकार एकट्या ओढीने येत नाही, दांडीच्या न वाकण्यातून येतो. राखाडी धाग्याचंही तसंच. चारऐवजी एकच मणी ठेवला तर मागे वळायला जागा पुरत नाही, दांड्या चिमट्यासारख्या फाकतात. धागा फार लांब केला तर त्याला मोकळं भटकायला आवडतं, टोकं जवळ आणून ठेवणं महाग पडतं. जोडणाऱ्या वळणाकडे मी आधी नुसता दुवा म्हणून पाहत होते. आता आधी तेच मोजते.

एक गोष्ट मात्र या माळेला जमत नाही. तीन दांड्यांची मोळी दोन तऱ्हांनी बांधता येते, तिसरी दांडी डावीकडून किंवा उजवीकडून. एक दुसरीचं आरशातलं प्रतिबिंब. माझ्या रनमध्ये जवळपास निम्म्या मोळ्या डाव्या, निम्म्या उजव्या निघतात. ऊर्जा तंतोतंत सारखी, मग निवडणार कशी? खऱ्या प्रोटीनची अमिनो आम्लंच एका हाताची असतात, म्हणून त्याची घडीही एका हाताची. मी टाकून दिलेल्यांतलं हे एक.

आज राखाडी मण्यांच्या पिळाला एका बाजूचं किंचित झुकतं माप देणारी एक ओळ वाढवली आहे. किती किंचित पुरेल, ते पाहायचंय. रन लावलाय. माळ अजून गरम आहे, दांड्या एकमेकींपासून लांब.